पुण्याची रेल्वे आणि आमचं अप-डाऊन

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘पुण्याची रेल्वे’. आता मी काही रेल्वेत नोकरीला नव्हतो. मी नुसता पास काढून एकोणीस वर्षं तिच्यात बसलो. पहिली दोन वर्षं तर उभाच होतो. १९९६ ते २०१५, रोज मुंबईला जाणं-येणं. आपली सोसायटी २००० साली उभी राहिली, तेव्हा पहाटे पाचला घर सोडायचो आणि रात्री साडेनऊ-पावणेदहाला परत यायचो. त्यामुळे तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सुरुवातीची काही वर्षं मला फक्त रविवारी पाहिलं. सी विंगमधल्या एका वहिनींना तर वाटायचं की आमच्या घरात पुरुषमाणूस दुबईला असतो.

तेव्हा ‘ह्या माणसाला रेल्वेबद्दल काहीतरी माहिती असणार’ असा समितीचा समज झाला. निवृत्तीनंतर मी थोडं वाचलंही. ते सांगतो, आणि शेवटी एक जुनी गोष्ट सांगायची आहे, ती पंचवीस वर्षांत सांगायची राहून गेली.

मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ची, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. पण पुण्याला गाडी कधी आली हे विचारलं तर मोठेही गप्प बसतात. ती आली १४ जून १८५८ ला, आणि गंमत म्हणजे ती मुंबईहून आली नाही, खंडाळ्याहून आली! कारण मधे बोरघाट. गाडी १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोचली होती. वरती खंडाळा ते पुणे रूळ टाकून झाले होते. मधला डोंगर तेवढा राहिला होता. म्हणजे पुढची पाच वर्षं पुण्याचा माणूस मुंबईला कसा जायचा? खंडाळ्यापर्यंत आगगाडीने, तिथे उतरून पालखीत, तट्टावर, नाहीतर पायी घाट उतरायचा, आणि खोपोलीला पुन्हा आगगाडीत बसायचं. घाटातला गाडीरस्ता १८३० पासून होता, त्यामुळे एवढं तरी जमत होतं. आपण लोणावळ्याला गाडी दहा मिनिटं थांबली की कुरकुरतो, म्हणून सांगितलं.

हा घाट बांधण्याची कथा मी वाचली तेव्हा एक रात्र मला झोप लागली नाही. कर्जतच्या बाजूने वर यायला साधारण २४ किलोमीटरमध्ये अठराशे फुटांवर चढ. सगळ्यात तीव्र चढाला सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि सगळं सुरुंग, पहारा आणि घमेली यांच्या जोरावर. १८६१ च्या सुरुवातीला एका वेळी चाळीस हजारांवर मजूर घाटात होते. पावसाळ्यात काम बंद, उन्हाळ्यात पटकी. माणसं किती गेली याचा नेमका हिशेब कोणी ठेवला नाही, पण हजारोंनी गेली. १८५९ मध्ये मजुरी थकली म्हणून दंगाही झाला आणि पहिल्या कंत्राटदाराने काम सोडलं. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचे इंग्रज कंत्राटदार आले. आले आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारले. आता काय? तर त्यांच्या पत्नीने, अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी, कंत्राट आपल्याकडे घेतलं, दोन अनुभवी इंजिनिअर नेमले आणि काम तडीला नेलं. १८६३ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट सुरू झाला. आपल्या महिला मंडळाने हे नाव लक्षात ठेवावं. आणि ज्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत, त्या बाया-बापड्यांनाही एकदा आठवावं, कारण टोपल्या वाहणाऱ्यांत बायका आणि मुलंही होती.

खंडाळ्याजवळ एक मोठी मौज होती. डोंगराचा सोंड असा पुढे आलेला की गाडीला वळायला जागाच नव्हती. मग काय केलं, तर गाडी सरळ कड्याच्या टोकापर्यंत न्यायची, थांबवायची, इंजिन पुढचं काढून मागे लावायचं आणि गाडी उलट्या तोंडाने पुढे न्यायची. त्याला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. १९२९ च्या सुमारास नवे बोगदे झाले आणि ते बंद पडलं.

आणि एक. रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि पुण्याकडे येणारी ‘डाऊन’. म्हणजे घाट उतरताना आपण अप, आणि घाट चढताना डाऊन! मुख्यालय मुंबईला, म्हणून असं. आमच्या डब्यातले एक जोशीबुवा म्हणायचे, पगाराचंही तसंच आहे.

पुण्याचं स्टेशन पेठांपासून एवढं लांब का, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा. शनिवारवाड्यापासून टांगा करून जावं लागायचं. कारण सरळ आहे, ती गाडी पेठेतल्या लोकांच्या सोयीसाठी आलीच नव्हती. एका बाजूला लष्कर, म्हणजे आपला कॅम्प, आणि दुसऱ्या बाजूला खडकीची छावणी. फौज, दारूगोळा आणि पावसाळ्यात पुण्याला येणारं गव्हर्नर साहेबांचं बिऱ्हाड, यांची सोय आधी. शहर नंतर. आताचं शिवाजीनगर स्टेशन तेव्हा भांबुर्डा होतं. माझे आबा शेवटपर्यंत ‘भांबुर्ड्याला उतरलो’ असंच म्हणत.

पुढे १८६० पर्यंत गाडी सोलापूरला पोचली. दक्षिणेला मात्र निराळाच कारभार. सातारा, मिरज, बेळगावकडे जाणारी लाइन दुसऱ्या कंपनीची, सदर्न मराठा रेल्वेची, आणि ती मीटरगेज. म्हणजे मुंबईचे रूळ साडेपाच फूट रुंद आणि हे एक मीटर. मुंबईची गाडी तिकडे जाऊ शकत नव्हती आणि तिकडची इकडे. माझं आजोळ कोरेगावचं. मे महिन्यात आईबरोबर जायचो. ती छोटी गाडी, तिचं ते छोटं काळं इंजिन, डोळ्यांत जाणारे कोळशाचे कण, जेजुरीला सगळ्या डब्याने केलेला ‘येळकोट येळकोट’. मुंबईहून येणाऱ्या मावशीला पुण्याला सगळं सामान उतरवून, हमालाशी घासाघीस करून इकडच्या गाडीत चढवावं लागे, आणि आंब्याची एक तरी पेटी त्यात फुटायचीच. १९७१ मध्ये तिकडेही ब्रॉडगेज झालं. सोय झाली हे खरं. पण ती पुणे स्टेशनवरची भेट बंद झाली. आधी मावशी आमच्याकडे दोन दिवस राहून पुढे जायची, ती आता रात्रीत थेट कोरेगावला जाऊ लागली.

पुणे स्टेशनची आजची दगडी इमारत १९२५ ची. २०२५ मध्ये तिला शंभर वर्षं झाली. आपल्या पंचवीसचं कौतुक चाललंय तर तिचंही करायला हवं. त्यानंतर चार वर्षांनी कल्याण-पुणे विजेवर आलं आणि १ जून १९३० ला आली आपली डेक्कन क्वीन.

डेक्कन क्वीनबद्दल बोलायला लागलो तर समोसे थंड होतील. पण थोडं सांगतो. सात-सात डब्यांचे दोन संच. एक चंदेरी, त्यावर लाल रेघा. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे सांगाडे विलायतेहून आले, पण वरचं सगळं बांधकाम माटुंग्याच्या कारखान्यात झालं, हे मुद्दाम सांगतो. सुरुवातीला ती फक्त शनिवार-रविवारची गाडी. घोड्यांच्या शर्यतींना येणारे साहेब आणि शेठ तिच्यात बसायचे. वर्ग दोनच, पहिला आणि दुसरा. तिसऱ्या वर्गाचा डबा तिला लागला १९५५ मध्ये! म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावरही आठ वर्षं. आमचे आबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. ते सांगायचे, ‘राणी रोज आमच्यासमोरून जायची, आम्ही सायकलवर फाटकात उभे. तिच्यात बसायचं असतं हे डोक्यातही नव्हतं.’ लोक तिच्या डायनिंग कारची, टोस्टची आणि ऑम्लेटची आठवण काढतात, मीही काढतो. पण आबांचं ते वाक्य मला त्याच्या आधी आठवतं.

आपल्या चिंचवडलाही इतिहासात एक नोंद आहे, आणि ती स्टेशनातच घडली. ९ ऑगस्ट १९४२. मुंबईत पहाटे गांधीजींना आणि काँग्रेसच्या पुढाऱ्यांना पकडलं आणि खास गाडीत बसवून इकडे आणलं. पुणे स्टेशनवर गर्दी होईल म्हणून गांधीजींना उतरवलं ते आपल्या चिंचवडला. इथून मोटारीने आगाखान पॅलेसमध्ये नेलं. बाकीचे पुढारी पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात गेले. महादेवभाई देसाई गांधीजींबरोबर इथेच उतरले होते, आणि त्यानंतर सहाच दिवसांत आगाखान पॅलेसमध्ये त्यांचं निधन झालं. मी एकोणीस वर्षं त्या प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो, आणि हे मला निवृत्तीनंतर पुस्तकात वाचून कळलं. पहाटे साडेपाचला माणसाचं लक्ष गाडी किती लेट आहे याच्याकडेच असतं.

मग पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना आला, मागोमाग मोटारींचे, स्कूटरचे कारखाने आले, आणि माळरानाचं गाव झालं. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. माझ्या मते पुण्याच्या रेल्वेत खरी लोकांची गाडी हीच. डेक्कन क्वीनचा वाढदिवस केक कापून होतो, लोकलचा कोणी करत नाही. पण मावळातली पोरं हिच्यामुळे कॉलेजात गेली. कामशेत, वडगाव, तळेगावहून दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, मे महिन्यात करवंदं-जांभळं हिच्यातूनच आली. कासारवाडी, दापोडीला रात्रपाळीचे कामगार हिच्यातूनच उतरले. आणि आपण सगळे इथे राहायला आलो तेही हिच्याच भरवशावर. आठवतंय ना बिल्डरचं माहितीपत्रक? ‘स्टेशनपासून फक्त दहा मिनिटांवर.’ मी पहिल्या दिवशी घड्याळ लावून चाललो. बावीस मिनिटं. पुढे पुढे मी ती सोळावर आणली, पण त्याला दहा म्हणणारा माणूस धावत गेला असणार.

आता अप-डाऊनविषयी थोडं खरं बोलतो. लोकांना भजनी मंडळ, दसऱ्याला डब्याला बांधलेलं तोरण, पत्त्यांचा डाव एवढंच दिसतं. ते सगळं होतं, आणि फार चांगलं होतं. आमच्या सिंहगड एक्स्प्रेसच्या डब्यात मुलींची लग्नं जमली, कर्जाला जामीन मिळाले. पण आम्ही पासवाले दादागिरीही करायचो. रुमाल टाकून जागा धरायचो. एकदा एक म्हातारं जोडपं सातच्या सुमाराला लोणावळ्याला चढलं, बहुतेक दवाखान्याला निघालं होतं, आणि आमच्यातल्या कोणीतरी ‘हा पासहोल्डरांचा डबा आहे’ म्हणून त्यांना पुढच्या डब्याकडे पिटाळलं. मी खिडकीत होतो. मी उठलो नाही. ते आजोबा खाली उतरून काठी टेकत पुढे चालत गेले. नंतर कळलं की गाडी त्यांना मिळाली. पण मी उठलो नव्हतो, ते तसंच राहिलं.

संध्याकाळी परत येताना कर्जतला गाडीच्या मागे दोन-तीन इंजिनं लागतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, मागची ढकलतात, तेव्हा गाडी घाट चढते. तेवढ्या वेळात कर्जतचा वडापाव. मग बोगदे सुरू झाले की डबा हळूहळू शांत होतो. तिथे तेव्हा फोन लागायचा नाही. आमच्याकडे फोनही नव्हते म्हणा.

आणि आता ती गोष्ट.

२००१ चा नोव्हेंबर. सोसायटीला जेमतेम वर्ष झालेलं. लिफ्टचं काम अडलेलं होतं, जिन्यात दिवे नव्हते. आम्ही बी विंगला तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी साडेसहाला आबा न्हाणीघरातून बाहेर आले आणि कोसळले. घरात आमची ही आणि दोन मुली. थोरली नऊ वर्षांची. हिने खालच्या मजल्यावरच्या देसाईकाकांचं दार वाजवलं. आम्ही एकमेकांना फारसं ओळखतही नव्हतो. पाण्याच्या टाकीवरून एकदा आमची बाचाबाची तेवढी झाली होती. देसाईकाकांनी आणि सी विंगमधल्या दोन तरुणांनी आबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, पंचाने बांधलं आणि अंधारात तीन जिने उतरवले. ते दोघे तरुण आज इथे बसले आहेत, आता त्यांचेही केस गेले. रिक्षाने दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलवा, रात्रीत काही सांगता येत नाही. हिने माझ्या ऑफिसला फोन लावला. मी साडेपाचलाच निघालो होतो. म्हणजे मी कुठेतरी कर्जतच्या पुढे घाटात, वडापाव खाऊन डुलक्या काढत होतो.

देसाईकाका स्टेशनवर गेले. मी नेहमी चिंचवडला उतरून चालत घरी येतो हे त्यांना ठाऊक होतं, पण कुठल्या डब्यात बसतो हे नव्हतं. मी घरी पोचायचो, कुलूप बघायचो, शेजारी चौकशी करायचो, यात तास गेला असता. म्हणून त्यांनी काय केलं, तर प्लॅटफॉर्म तिकीट काढलं आणि पुलाच्या जिन्याशी उभे राहिले, की उतरणारा प्रत्येक माणूस तिथूनच जाणार. पण गर्दीत चुकू नये म्हणून त्यांनी स्टॉलवाल्याकडून एक पुठ्ठा मागून घेतला, त्यावर खडूने माझं आडनाव लिहिलं आणि तो डोक्यावर धरला. गाडी त्या दिवशी पन्नास मिनिटं लेट होती. पन्नास मिनिटं ते तसे उभे होते. मी उतरलो, पुठ्ठा पाहिला आणि पहिल्यांदा मला वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय.

ते एवढंच म्हणाले, ‘चला, स्कूटर आणलीय. आबा बोलताहेत अजून.’

आबा त्यानंतर चार दिवस होते. मी रजा टाकली. त्या चार दिवसांत मी त्यांच्याशी जेवढं बोललो, तेवढं आधीच्या पाच वर्षांत बोललो नव्हतो. भांबुर्ड्याचं, फाटकाचं, राणीचं हे सगळं त्यांनी मला तेव्हाच सांगितलं. मघाशी तुम्हाला जे सांगितलं ते तिथलंच आहे.

कार्य झालं, तेरावा झाला, आणि मी पुन्हा पहाटेच्या गाडीला. देसाईकाका जिन्यात भेटले की ‘काय, गाडी वेळेवर?’ आणि मी ‘हो, आज वेळेवर’. बस. रविवारी जाऊन नीट बोलू असं म्हणता म्हणता पंचवीस वर्षं होत आली. २००५ च्या २६ जुलैला मी मुंबईत दोन रात्री ऑफिसात अडकलो, घाट बंद पडला, तेव्हाही घरी दूध-भाजी त्यांनीच आणून दिली, आणि मी परत आलो तेव्हा तोच प्रश्न, ‘काय, गाडी वेळेवर?’ ही थट्टा मात्र मला आवडली होती.

मागच्या वर्षी देसाईकाका गेले. त्या दिवशी मी घरीच होतो, निवृत्त माणूस. खांदा द्यायला होतो एवढंच.

आता द्रुतगती मार्ग झाला, मेट्रो पिंपरीपर्यंत २०२२ मध्ये आली आणि आता स्वारगेटपर्यंत भुयारातून जाते. माझा नातू मेट्रोला ‘गाडी’ म्हणतो आणि रेल्वेला ‘जुनी गाडी’. लोकलला मात्र अजून दोनच रूळ आहेत. मेल गेल्याशिवाय तिला वाट नाही. तिसऱ्या-चौथ्या लाइनसाठी प्रवासी संघाचं निवेदन खाली टेबलावर ठेवलंय, जाताना सही करून जा.

आणि वहिनी, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून सांगतो. तो पुठ्ठा मी टाकला नाही. बिस्किटांच्या खोक्याचा आहे, खडू बराच पुसला गेलाय, पण आडनाव वाचता येतं. ते चुकीचं लिहिलंय, वेलांटी राहिलीय. उद्या सकाळी घेऊन येतो तुमच्याकडे. चहा ठेवा.